अभिमन नानाची सीट

माझा चुलतभाऊ अभिमन माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा आहे आणि मला त्याचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे काही वाकडं बोलेन ते कुठल्या पोटदुखीतून येतंय ते कळेल. सगळे त्याला नाना म्हणतात. तोंडावर मीही नाना म्हणतो, अहो-जाहो करतो. इथे कागदावर मात्र अरे-तुरे करणार आहे. तेवढंच समाधान.

तो पारोळ्याजवळच्या आमच्या गावी राहतो. चार एकर कापूस, एक बैलजोडी आणि वीस वर्षांची एक मोटारसायकल. शिक्षण नववी. त्याला आणि प्रमिलावहिनींना मूलबाळ नाही. मी जळगावात एका हायस्कूलमध्ये हेडक्लार्क आहे, घर स्वतःचं आहे, दोन मुलं आहेत. तरी भाऊबंदांत कुठेही गेलो की दारातच पहिला प्रश्न येतो, "नाना नही उना का?" मी आलोय ते यांना दिसत नाही का?

नानाचं नाव झालं ते पत्रिका वाटण्यात. आमच्याकडे लग्नाची पत्रिका मोबाईलवर पाठवली, तर लोक समजतात की तुम्ही येऊच नका असं कळवलंय. ती घरी जाऊन हातातच द्यावी लागते. सोयरे तर पाचोऱ्यापासून शिरपूरपर्यंत दोन जिल्ह्यांत पसरलेले. तीस वर्षांत नानाने भाऊबंदांच्या शे-दीडशे लग्नांच्या पत्रिका वाटल्या असतील. खांद्याला कापडी पिशवी, डोक्याला रुमाल, की निघाला. दिवसभर हिंडून संध्याकाळी गाडीवरून उतरतो तो ताठ, आत्ता आंघोळ करून आल्यासारखा. वय एकसष्ट. आणि मी जळगावहून एरंडोलला गेलो, म्हणजे जेमतेम सत्तावीस किलोमीटर, तर उतरताना कमरेला धरून उभा राहतो.

माझा डोळा होता तो त्याच्या सीटवर. तिचं रेक्झिन केव्हाच फाटलेलं, वरून प्रमिलावहिनींनी शिवलेली गोधडी चौपदरी घडी करून सुतळीने बांधलेली. लोक दुसऱ्याच्या बागायतीकडे बघतात तसा मी त्या सीटकडे बघायचो. एकदा एका साखरपुड्यात सगळे जेवायला बसले असताना मी बाहेर जाऊन ती दाबूनही पाहिली. तेवढ्यात कोणीतरी हात धुवायला आलं, म्हणून किल्ली शोधल्यासारखं केलं.

मागल्या वर्षी दिपमालाचं, माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा धुळ्याचा, तारीख मे महिन्यातली. बायको, सुलक्षणा, लगेच म्हणाली, "नानांना फोन करा, पत्रिकांचं सांगून ठेवा."

"माझ्या मुलीच्या पत्रिका मी वाटेन," मी म्हणालो.

तिला वाटलं बापाची हौस. हौस कसली! त्याआधी आमच्या भाऊबंदांतल्या प्रेमराजच्या मुलाच्या लग्नात मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पंगतीत एक म्हातारा म्हणाला, "नानानी बलावं म्हनीसन उनूत." ज्याच्या घरचं लग्न तो प्रेमराज कोपऱ्यात पाणी वाढत होता. तेव्हाच ठरवलं, माझ्या दारी लोक येतील ते जितेंद्रने बोलावलं म्हणून येतील.

आणि एवढ्यावर थांबलो असतो तर मी बरा माणूस ठरलो असतो. आमच्याकडच्या पत्रिकेत खालच्या बाजूला सगळ्या भाऊबंदांची नावं असतात. एखादं नाव राहिलं तर पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद होतं. मी यादी लिहिली. आजोबांच्या भावांपासून सगळे घेतले. 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' याच्या खाली दोन-दोन वर्षांची पोरंसुद्धा बसवली. नाना तेवढा वगळला. छापून आल्यावर सुलक्षणाने बोट ठेवून नावं वाचली आणि माझ्याकडे बघितलं.

"जागा नव्हती," मी म्हणालो.

तिने पत्रिका परत गठ्ठ्यावर ठेवली. चारशे पत्रिका छापून झाल्या होत्या.

आता प्रश्न उरला माझ्या कमरेचा. आधी मोबाईलवरून जेलची गादी मागवली. मऊ होती, पण एप्रिलच्या उन्हात अर्धा तास गाडी उभी राहिली की तिच्यावर भाकरी भाजून निघाली असती. शिवाय ब्रेक मारला की मी घसरून टाकीवर. दोन दिवसांत ती काढून टाकली आणि धुळ्याला पुना मिस्तरीकडे गेलो. त्याच्याइतका सीटचा जाणकार दोन जिल्ह्यांत नाही असं ऐकून होतो. त्याने मला बाकड्यावर बसवलं, मागून-पुढून पाहिलं, बाजारात बैल बघतात तसं. मग विचारलं, "कितलं लांब जानं शे?"

"दिवसाला दीडशे किलोमीटर. पारोळ्याकडच्या अभिमन नानासारखी सीट पाहिजे."

मिस्तरी हसला. "नानानी सीट मी पाह्यली शे, भाऊ. तिन्हामा काहीच नही."

मला वाटलं, धंद्याची गोष्ट आहे, लपवतोय. मी दुप्पट चिडलो. पण माणूस कामाचा पक्का. म्हणाला, मऊ सीट दहा किलोमीटरची, कडक सीट शंभरची. मऊ फोममध्ये माणूस रुततो आणि हाडं खाली टेकतात. त्याने जुना फोम काढला, खाली कडक थर घातला, वर पातळ मऊ थर, पुढचा उतार कापून सपाट केला, वर जाळीचं कापड चढवलं. खोटं कशाला बोलू, सीट फार चांगली झाली. गाडी घरासमोर लावली आणि शेजाऱ्यांना दिसावी म्हणून दोन दिवस तिच्यावर कव्हर घातलं नाही.

तिसऱ्या दिवशी पत्रिका घेऊन निघालो. चाळीस किलोमीटर राजासारखा गेलो. मग कंबर बोलायला लागली. नंतर लक्षात आलं की बसून राहिलं तर ती सहन होते, पण उतरून पुन्हा चढलं की जीव जातो. म्हणून मी उतरायचंच बंद केलं. दारात जायचं, हॉर्न वाजवायचा, गाडी चालूच. "पत्रिका घ्या, दिपमालाचं लग्न आहे, नक्की या. बसत नाही, अजून बरीच गावं आहेत." काही ठिकाणी तर कुंपणावरूनच हात लांब केला. दोन दिवसांत चौसष्ट घरं उरकली. नानाला एवढ्याला आठवडा लागतो. घरी आलो, पालथा पडलो, सुलक्षणा कमरेला तेल चोळत होती आणि मी उशीत तोंड खुपसून हसत होतो.

पहिला फोन आला तो सुलक्षणाच्या मामांचा. झुलालमामा अमळनेरकडचे, तिच्या घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस. तिने फोन स्पीकरवर ठेवला. "पत्रिका भेटनी, बेटा. आमना पेपरवालाबी गाडीखाल उतरस. त्या रोज आम्हले दुसरं लगीन शे."

दुसरं लग्न-बिग्न काही नव्हतं. संध्याकाळपर्यंत अशी अकरा घरं झाली. कोणी आजारी पडलं, कोणाचं जागरण निघालं. जी घरं फोन करत नव्हती त्यांची मला जास्त भीती वाटायला लागली. दिपमाला दाराच्या चौकटीला टेकून सगळं ऐकत होती.

"पप्पा, माझ्या बाजूच्या खुर्च्यांवर कोण बसणार?" तिने विचारलं आणि आत गेली. आतून रडण्याचा आवाज येत होता. मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं आणि ते पोरीच्या मांडवावर येणार होतं.

सुलक्षणाने मला न विचारता नानाला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो दारात. काय झालं, का झालं, एक शब्द नाही. चहा घेतला, उरलेला गठ्ठा पिशवीत भरला. एक पत्रिका काढून कपाळाला लावली आणि चष्मा घालून वाचायला लागला. हळूहळू, बोट फिरवत, अगदी खालपर्यंत. मी समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्याने पत्रिका घडी करून पिशवीत ठेवली.

"छपाई चांगली शे," तो म्हणाला. "चाल."

अशा वेळी माणसाला लाज वाटायला हवी. मला वाटली सुद्धा. पण तिच्याबरोबर दुसरंही एक वाटलं, ते सांगतो. मी म्हणालो, "नाना, तुमची गाडी घेऊ. मी चालवतो, तुम्ही मागे बसा." एवढ्या वर्षांनी ती सीट माझ्या खाली येणार होती.

बसलो, आणि कळलं की पुना मिस्तरी खरं बोलला होता. फोम बसून बसून परातीसारखा खोल गेलेला, गोधडी झिजून धोतराएवढी पातळ. पाळधी यायच्या आत मला खालचा पत्रा लागायला लागला. या असल्या सीटवर हा माणूस वीस वर्षं हिंडला? मला त्याचा इतका राग आला की विचारू नका.

"थांब," मागून नाना म्हणाला. "तठे लिंबना झाडपा घर शे."

जेमतेम बारा किलोमीटर झाले होते. तो उतरला, चपला काढल्या, ओसरीवर बसला, पाणी प्यायला. म्हशीचं विचारलं, नातीच्या निकालाचं विचारलं, म्हाताऱ्याच्या मोतीबिंदूचं विचारलं. मग देव्हाऱ्यापुढे पत्रिका ठेवून तिला कुंकू लावलं आणि दोन्ही हातांनी दिली. अर्धा तास गेला. पुढचं घर सहा किलोमीटरवर होतं. तिथे पोहे झाले. त्याच्या पुढचं आठ किलोमीटरवर.

झुलालमामा आम्हाला बघून खाटेवरून उठलेच नाहीत. नाना सरळ जाऊन त्याच खाटेवर त्यांच्या शेजारी टेकला आणि म्हणाला, "मामा, ताक शे का घरमा?" माझ्याबद्दल काही नाही, झाल्या गोष्टीबद्दल काही नाही. कापसाचं बोलला, मामांच्या गुडघ्याचं बोलला. तासाभराने मामाच म्हणाले, "हळद मंगळवारे शे ना? आम्ही आदला रोजच येसूत." आणि माझ्याकडे बघून सुनेला म्हणाले, "जावाईले ताक दे."

दिवसभरात चौदा घरं झाली. एकशे दहा किलोमीटर. धुळ्याच्या अलीकडे उतरताना मी सवयीने कमरेला हात लावला, तर ती दुखत नव्हती. मी परत चढलो आणि परत उतरलो. खरंच दुखत नव्हती. त्या परातीवर मी सबंध दिवसात एका वेळी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त बसलोच नव्हतो. मध्ये प्रत्येक वेळी सतरंजी होती, खाट होती, पाठ टेकायला भिंत होती. नाना कधी लांब जातच नव्हता. तो फक्त पुढच्या घरी जायचा.

वाटेल तुम्हाला, इथे माझा हेवा गेला असेल. उलट वाढला. सीट तरी पैसे टाकून शिवून घेता आली असती.

शेवटचं घर लताअक्कांचं. लांबच्या नात्यातल्या, एकट्या राहणाऱ्या, अंगणवाडीतून रिटायर झालेल्या. त्यांच्या कुंपणावरूनही मी पत्रिका दिली होती. ती फळीवर न उघडता पडलेली दिसली. दिवेलागणीची वेळ. नानाने दुसरी पत्रिका काढली, कुंकू लावून त्यांच्या हातात दिली. अक्कांनी चष्मा लावला आणि शिकवण्याच्या सवयीने मोठ्याने वाचायला घेतली. देवाची नावं, वधू-वर, मुहूर्त, स्थळ. मग भाऊबंद. एकेक नाव, हजेरी घेतल्यासारखं. मी जमिनीकडे बघत होतो. पोरांच्या नावांपर्यंत आल्या आणि थांबल्या. पुन्हा वर गेल्या, पुन्हा खाली आल्या.

"अभिमन, तुनं नाव कोठे शे रे?"

नाना चहाची बशी खाली ठेवत होता.

"मन्हं नाव कसाले पायजे, अक्का?" तो म्हणाला. "मी सोता उनू ना."

अक्कांनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. उठल्या, फळीवरून पेन आणला आणि पत्रिकेसकट माझ्या हातात दिला.

"लिख," त्या म्हणाल्या.

माझं अक्षर चांगलं आहे. ऑफिसात सगळे म्हणतात. त्या दिवशी मात्र एकेक अक्षर सावकाश काढलं. भाऊबंदांच्या यादीत सगळ्यात वर मी लिहिलं, श्री. अभिमन नाना पाटील.

जागा होती.