सातव्या लेव्हलचा खड्डा

थोरल्या जावेचं काम गणवेशांच्या कारखान्यात माल तपासायचं. शिवून आलेला शर्ट हातात घ्यायचा, उलटा करायचा आणि चूक शोधायची. चूक सापडली नाही की तिलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. कारखान्यात सगळे तिला भिंग म्हणत. घरी तसं म्हणायची कुणाची टाप नव्हती. अशा बाईला खालच्या मजल्यावरच्या धाकट्या जावेत किती चुका सापडत असतील, ते सांगायलाच नको. ओट्यावर खरकटी भांडी, खुर्चीवर कपड्यांचा ढीग, दिवा जळतोय तो जळतोय. आणि तरीही चहा झाला की सासूबाई जिना उतरून तिच्याकडेच जाणार! थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा तो यानेच.

सासूबाई राहायला वर, थोरलीकडे. गेल्या वर्षी त्या न्हाणीघरात घसरल्या, तेव्हापासून थोरलीने त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. गोळ्या वेळेवर, चादर धुतलेली, त्या नुसत्या हलल्या तरी हात धरायला ही हजर. "आई, जपून," हे तर तिच्या तोंडी बसलेलंच. मग खस्ता खायच्या हिने आणि सासूबाईंचा जीव रमायचा खाली, हा कुठला न्याय?

खाली होता कॉम्प्युटर. दोघे भाऊ लहान असताना घरात टीव्हीला जोडायचा गेमचा डबा होता. तो केव्हाच बंद पडला. धाकटीने आपल्या कॉम्प्युटरवर इम्युलेटर टाकला, म्हणजे असा प्रोग्राम, की कॉम्प्युटर स्वतःलाच तो जुना डबा समजायला लागतो. जुन्या कॅसेटमधला बूट घातलेला बेडूक पडद्यावर उड्या मारू लागला, तेव्हा भाऊ नुसते हसले, सासूबाई मात्र म्हणाल्या, "सर बाजूला, मला बसू दे." पोरं शाळेत गेली की ही बाई गुपचूप खेळत असे, हे त्या दिवशी उघडकीला आलं.

जुन्या डब्यात खेळ बंद केला की सगळं मुळापासून. इम्युलेटरची गंमत वेगळी. एक बटण दाबलं की बेडूक जिथे असेल तिथे खेळ जसाच्या तसा साठवला जातो. शेजारचं बटण दाबलं की तिथूनच पुन्हा सुरू. या सोयीवर सासूबाई सातव्या लेव्हलला पोचल्या होत्या. थोरली वर भाजी चिरत बसायची आणि खालून आवाज यायचे, "आई, उडी! आता! गेलात, मेलात!" मग दोघींचं खिदळणं. सासूला तोंडावर 'मेलात' म्हणते आणि सासू हसते! हेव्याने थोरलीची सुरी भाजीवर आणखी जोरात चालायची.

एका दुपारी धाकटी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथेही धाकटीच! थोरली तरातरा खाली उतरली. एवढं काय आहे त्यात, ते तिला बघायचं होतं. खरं सांगायचं तर, जमलं तर आपणही शेजारी बसू, असंही मनात होतं. तिने खेळ सुरू केला. बेडकाचा एकच जीव उरला होता. पहिल्याच खड्ड्यावर तो हवेत गेला आणि थेट खाली यायला लागला. घाबरून तिने मागे न्यायचं बटण दाबलं. ते साठवायचं निघालं.

झालं! आता कितीदाही उघडलं तरी बेडूक खड्ड्यावर, पडता पडताच. तिने सगळी बटणं दाबून पाहिली, बेडूक मरायचा थांबेना. शेवटी तिने कॉम्प्युटर बंद केला, सवयीने टेबल पुसलं आणि वर पळाली.

संध्याकाळी सासूबाईंनी खेळ लावला. बेडूक पडला. परत लावला, परत पडला. थोरली दारातच उभी होती. धाकटीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "माझाच हात लागला असणार, आई. सॉरी हं." सासूबाई वर निघून आल्या. थोरलीला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या, खोटं कशाला बोला. तिची सासू तिला परत मिळाली होती.

पण मिळाली ती अशी, की दिवस दिवस खिडकीशी गप्प बसलेली. थोरलीने सूप दिलं, शाल पांघरली, पायाखाली उशी सरकवली. सासूबाई प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणत. त्यात धाकटीने दोष आपल्या अंगावर घेतला, ते तर फारच झोंबत होतं. चांगुलपणातसुद्धा तीच पुढे! शेवटी थोरलीला राहवेना.

"आई, तो बेडूक मी मारला."

"ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या. "टेबल पुसलेलं होतं. धाकटीच्या हातून कधी टेबल पुसलं जातं का?"

"मग मला बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर रडली असतीस, आणि मला आणखीच जपत बसली असतीस."

"जपते ते चुकतं का माझं?" थोरलीचा आवाज चढला. "तिच्याकडे असं काय आहे, जे मी देत नाही तुम्हाला?"

सासूबाईंनी शाल बाजूला केली. "अगं, खाली मी पडते आणि माझी मी उठते. इथे मी पडायच्या आधीच तू मला उचलतेस."

आणि त्या उठल्या. पहिल्या लेव्हलपासून सुरू करते म्हणाल्या, आणि कठडा धरून जिना उतरू लागल्या. थोरलीचा हात आपोआप पुढे गेला होता. तिने तो ओढून घेतला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि एकेक पाऊल ऐकत बसली. इतकं अवघड काम तिला कारखान्यातही कधी कुणी दिलं नव्हतं.