राजाच्या प्रार्थनेची गाणी

आमच्या मांद्र्याच्या घरामागं दोन खोल्या आहेत, त्या आम्ही पाहुण्यांना देतो. दर हिवाळ्यात एक फ्रेंच बाई तिथं राहायला येतात. सकाळी त्यांच्या खोलीतून समूहगान ऐकू यायचं. पाव द्यायला गेले की मी विचारायची, "काय ऐकता?" खरं तर काहीतरी बोलायला हवं म्हणून. एके वर्षी जाताना त्यांनी माझ्या हातात दोन सीडी ठेवल्या.

"रोज विचारता, म्हणून तुमच्यासाठी."

तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्सचा राजा प्रार्थनेला बसला की त्याचे गायक हे गायचे, असं त्यांनी सांगितलं. शब्द लॅटिन. दोन्हींत रचना एकच, गाणारे वेगळे.

माझी नोकरी डिचोलीला. जुन्या गाडीत सीडी चालते, म्हणून जाता-येता लावू लागले. सुरुवातीला नुसता गलका वाटला. मग एकदा खनिजाच्या ट्रकांमागं अडकले. काचा वर होत्या. खर्जातला एक पुरुषी आवाज एकटाच सुरू झाला. त्यावर एका बाईचा आला, मग आणखी एक, आणि मग एकदम सगळे. प्रत्येकजण आपली ओळ घेऊन चालला होता, तरी कोणी कोणाला धक्का लावत नव्हता. मागून हॉर्न वाजले तेव्हा पाहिलं, पुढचा रस्ता केव्हाच मोकळा झाला होता.

माझ्या सासऱ्यांनी सुर्ल्याच्या खाणींवर ट्रक चालवला. आता ते घरी असतात आणि देवळातल्या भजनात पुढं गातात. एका रविवारी जुन्या सोबत्यांना भेटायला त्यांना सुर्ल्याला नेत होते. सीडी सुरू झाली.

"कोण गेलां गे?" त्यांनी विचारलं.

"कोणी वारलं नाही, बाबा. देवाचं गाणं आहे."

थोड्या वेळानं सगळे आवाज मिळून उठले, नगारे आणि तुताऱ्या वाजल्या, तशी त्यांनी मांडीवर थाप मारली. "आता बरां! एकान म्हणूचां, सगळ्यांनी उचलूचां!" परतताना दुसरी सीडी लावली. ती बरीच जलद. तीच त्यांना पसंत पडली आणि त्यानंतर घरी तीच वाजू लागली.

पुढच्या हिवाळ्यात बाई आल्या. सासरे जलद सीडी लावून बसलेले पाहून त्या म्हणाल्या, "मला संथ आवडते. त्या सीडीत दगडी चर्चमध्ये गायलंय. भिंतींवरून आवाज परत यायला वेळ द्यावा लागतो."

मी ते सांगताच सासरे म्हणाले, "तवसर देवान ताटकळत ऱ्हवाचां?"

रोज संध्याकाळी चहाबरोबर हा वाद, आणि मधे मी दुभाषी. मला दोन्ही आवडतात, पण मला विचारतं कोण!

शेवटी सासऱ्यांनी बाईंना भजनाला बोलावलं. त्या मांडी घालून शेवटपर्यंत बसल्या. "फार सुंदर," त्या म्हणाल्या, "पण इतकी घाई का?"

पुढच्या भजनाला सासऱ्यांनी एक अभंग असा संथ धरला की टाळवाले एकमेकांची तोंडं बघू लागले. आरतीला उशीर झाला, प्रसादाला त्याहून. बायका कुरकुरल्या. घरी येताना सासरे एवढंच म्हणाले, "त्या बाईक सांग, एकदा करून बघितलां. वायट नाय लागणा."