आत्याच्या देव्हाऱ्यातला घोडेस्वार

"चंपाषष्ठीच्या आत ये बाई, आपला टाक मोडायचाय," आत्याचा फोन. टाक म्हणजे देवाची छबी उठवलेला चांदीचा पत्रा. झिजला की सराफाकडं तीच चांदी आटवून नवा करायचा, ही रीत. पण आत्याचा हा चौकोनी टाक, घोड्यावरचा खंडोबा, लहानपणी दर सुट्टीत मीच चिंचेनं घासायचे! रजा टाकली आणि पुण्याहून पहिली एसटी धरली.

संभाजीनगरला उतरून आत्याच्या गावाची, देवगाव रंगारीची गाडी पकडा. दौलताबाद, वेरूळ करत जाते, जागा मिळाली तर नशीब. पूर्वी आत्या स्टँडवर उन्हात उभी असायची. आता गुडघे ऐकत नाहीत, तिचा मुलगा दादा आला. फार चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

भाकरी, मेथी, ठेचा. जेवून टाक हातात घेतला. मागच्या बाजूला एक चेहरा, त्याला आम्ही म्हाळसा म्हणायचो. मोबाइलवर मोठा करून पाहिला.

"आत्या, ही कडेची नक्षी नाही गं, अक्षरं आहेत."

"असंल देवाचंच नाव. उद्या ने शहरात, पण संध्याकाळी देव घरी पायजेत."

शहरात छावणी भागात माझे कॉलेजचे इतिहासाचे सर राहतात. दादाला घेऊन आधी तिथं गेले. सरांनी भिंग लावलं आणि खुर्चीतच ताठ बसले.

"अगं, हे ग्रीक नाणं! बॅसिलेओस, म्हणजे राजाचं. दोनेक हजार वर्षांपूर्वी काबूल-पंजाबकडं राज्य करायचे हे ग्रीक. घोड्याच्या बाजूला खरोष्ठी, तिकडची जुनी लिपी आहे."

"आणि म्हाळसा?"

"कसली म्हाळसा! राजेसाहेब आहेत, केसांना पट्टी बांधलेले. कोणता राजा ते मात्र सांगता येणार नाही. नाव घासून खाल्लंत तुम्ही!"

"मंग खंडोबा नाय हा?" दादानं विचारलं. सरांनी टाक जपून त्याच्या हातात ठेवला.

सराफाकडं न जाताच परतलो. मामांच्या, म्हणजे तिच्या यजमानांच्या आजारपणात आत्या याच घोडेस्वारापुढं रडली होती, माझ्या नोकरीसाठी यालाच नवस बोलली होती. तिला सांगायचं कोणी? शेवटी मीच सांगितलं.

आत्यानं टाक हातात घेतला.

"राजा व्हय? लई लांबून आला म्हनायचा." मग पदरानं त्याला पुसत म्हणाली, "आन् आपला कुनी नसून माझं गाऱ्हानं ऐकत बसला इतकी वर्सं? ह्याला नाय मोडायचं. खंडोबाला नवी चांदी आना."

दुसऱ्या दिवशी पुन्हा शहर. सराफ्यात नवा टाक सांगितला, शेजारीच गुलमंडीत आत्याला लुगडं घेतलं. तिथं भाव करायला लाजू नका, मी लाजले आणि दादाची बोलणी खाल्ली.

पुण्यात आल्यावर ऑफिस, स्वयंपाक, तेच सगळं सुरू झालं. चंपाषष्ठीला आत्याचा फोन आला. नवा देव बसला, भरताचा नैवेद्य झाला, सगळं सांगून झाल्यावर ती हळूच म्हणाली,

"पर भंडारा आधी जुन्याला वाह्यला बरं का. खंडोबाला म्हनलं, तू घरचाच हायेस. पाव्हन्याला आधी."