बाईंच्या बोडीवर बाईंच्याच नावाचं सभागृह

मंडळी, आज दुपारी नवेगाव बांधजवळच्या एका गावात आमच्या दिवंगत लंजे बाईंच्या नावाच्या सभागृहाचं उद्घाटन झालं. मी अजून संतापलेलीच आहे.

बाई शाळेत शिकवायच्या आणि शाळा सुटली की गावच्या बोडीसाठी भांडायच्या. धानाला पाणी देणारं ते छोटं तळं त्यांनी मरेपर्यंत बुजू दिलं नाही. त्या गेल्या आणि सरपंचांनी त्यात मुरूम ओतला. सभागृह त्यावरच उभं आहे.

मी पाहुणी म्हणून मंचावर होते. सरपंच माझ्या हाती माइक देत म्हणाले, "मॅडम, बाईंबद्दल दोन शब्द बोला ना. चांगलं चांगलं."

बोडीखाली शेत असलेले डोमाजी मागून ओरडले, "आमचा धान वाळून राहिला, टाळ्या कायले वाजवू?"

लहानपणी कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर्सनी मला गोड बोलायला शिकवलं होतं. आज ते जमलं नाही. मी म्हणाले, "सरपंच साहेब, जिवंत बाईंना तुम्ही घाबरत होता. मेलेल्या बाईंना चोरीच्या मालावर राखणीला बसवलंत."

कुणीतरी माइकची वायर काढली. मग पंगत बसली आणि सगळे बाईंच्या नावानं पोटभर जेवले.

आता बोडी परत हवी तर बाईंचं नाव असलेली भिंत पाडावी लागेल. पहिला घाव कोण घालणार, सांगा?