ओला अंगठा

"अहो, थुंकी काय लावता? फोन आहे हा."

अमडापुरात एका बागायतदाराच्या ओसरीवर आमचे साहेब माझ्या आईला असं बोलले. सगळ्यांदेखत. तिच्या हातातला फोन त्यांनी दोन बोटांनी उचलला, सॅनिटायझर मारून पुसला, पुन्हा पुसला. जरा आधी तोच फोन बागायतदाराच्या बाईंनी हाताळला होता. तेव्हा फडकं खिशातच होतं.

मग माझ्याकडे वळून हसले. "निदान आईला तरी शिकवायचंस."

ओसरी हसली. माझे कान तापले.

मी पुण्याच्या कंपनीत अ‍ॅपचे पडदे आखते. कुठलं बटण कुठे, केवढं, कसं दाबायचं. हे अ‍ॅप कपाशीवर फवारणी करणाऱ्यांसाठी होतं, आणि त्याच्या चाचणीसाठी आम्ही माझ्याच गावी आलो होतो. अंगात विष भिनलं तर लाल बटण दाबून धरायचं, की मदतीला फोन लागतो. दाबून धरायचं, ही साहेबांची कल्पना. गावातले लोक उगाच दाबत बसतील म्हणे.

आईचा अंगठा काही पडदा घेईना. वेचणी सुरू झाली होती, बोंडांच्या टोकांनी बोटं फाटली होती. आणि गुलाबी अळीमुळे फवारणीही थांबत नव्हती. बीटी बियाणं आलं तेव्हा अळीची कटकट संपली म्हणाले होते. त्या सकाळीच आई दुसऱ्याच्या वावरात औषध कालवून आली होती. हात नुसत्या पाण्याने धुतलेले.

"थुंकी काऊन लावली वं आई?" मी विचारलं.

"रेशनच्या मशीनले असंच लावा लागते ना बाई. कोरडा अंगठा घेतच नाही ते."

फाटका अंगठा, त्याच्या चिरांत औषध. पडदा घेत नाही म्हणून तो जिभेवर. तरी घेत नाही म्हणून पुन्हा जिभेवर. जीव वाचवायचं बटण माझ्या आईला विष चाटायला लावत होतं.

वाऱ्याबरोबर वावरातला उग्र वास ओसरीवर येत होता. आईचे डोळे लाल झाले होते.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. चाचणी नीट झाली, असं सांगून टाक लोकांना."

त्यांच्यापुढे मी कायम त्यांच्यासारखं बोलत आले. त्या दिवशी जीभ तशी वळली नाही.

"नाही सांगत. पुढच्या व्हर्जनपर्यंत कोण जित्तं राह्यते?"

"नोकरीचा विचार कर."

"केला."

संध्याकाळी आईला उलट्या सुरू झाल्या. चिखलीच्या दवाखान्यात तिला सलाईन लागलं. तिच्या थरथरत्या हाताकडे पाहत मी बाकावर बसले होते. असा हात कुठलंही बटण दाबून धरू शकत नाही.

माझ्या आईच्या कोरड्या, फाटक्या, कापऱ्या अंगठ्याला जे पहिल्या स्पर्शात उघडत नाही, ते मी आखणार नाही. दुसऱ्या कुणी आखून गावात आणलं तर मी त्याच ओसरीवर उभी राहीन आणि सांगीन, याले हात लावू नका.