उंबऱ्यावरचा पाय

चार वाजता परीक्षा आहे, म्हणून जेवून बूटही न काढता मी बराकीतल्या कॉटवर आडवी होते. पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावते. पंख्याचा आवाज लांब लांब जातो आणि नाझरे उस्तादांचं खाकरणं जवळ येतं.

आम्हा पोलिसांना डावपेच शिकवणारे उस्ताद गेल्या श्रावणात गेले. छातीत कळ आली, संपलं. मातीला आमची सगळी तुकडी होती, मीही होते. त्यामुळे आता ते दारात दिसल्यावर मी रडायला हवं. पण मी उठून कडक सॅल्यूट मारते. सवय!

"भोईटे, किती येळा मेलीस?"

"दोनदा, उस्ताद."

खरंच आहे. हातात पिस्तूल घेऊन एकटीनं अख्खं घर तपासायचं आणि आत लपलेल्यानं गाठायच्या आत आपण त्याला गाठायचं, ही आमची परीक्षा. दोन्ही वेळा पहिल्याच दाराआडून मला रंगाची गोळी बसली. आज शेवटची संधी. हुकली, की पुन्हा ठाण्यात टपाल नोंदवत बसायचं. ते मला नको आहे. मुळीच नको आहे.

"चल," उस्ताद म्हणतात, आणि आम्ही सरावाच्या घरात आहोत. पत्र्याच्या भिंती, अंधूक उजेड. मी दाराकडे झेपावते.

"थांब! कुणाची एस्टी सुटतीया? आधी भाईरनं बघ. आख्खी भाकरी तोंडात कोंबतीस का? सरकत सरकत, एकेक कोपरा."

मी पिस्तूल छातीशी धरून सरकते. एक कोपरा, दुसरा, तिसरा. आत जाते, तर आमचं म्हसवडचं स्वयंपाकघर. चुलीवर दूध तापतंय. पुढच्या दारात आईनं नुकतीच गुलाबी रांगोळी काढलीय.

"आत्ता मेलीस," उस्ताद मागून म्हणतात. "नजर खाली कशापायी गेली?"

उंबरा! उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलंय. प्रत्येक दारात माझे डोळे आधी उंबरा शोधतात, आणि तेवढ्यात दाराआडचा माझा निकाल लावतो. दोन महिने चार-चार साहेबांनी पाहिलं, एकालाही दिसलं नाही. दिसलं ते मेलेल्या माणसाला.

"लक्ष्मी रागवंल, उस्ताद."

"लक्ष्मीला जित्ती लेक लागती. मागनं पाया पड. दे पाय!"

डोळे समोर ठेवून मी रांगोळीवर बूट ठेवते. मग माझ्या शाळेचा चौथीचा वर्ग. रिकामा. मग गावचा दवाखाना. रिकामा. शेवटचं दार. सरकते, सरकते, आणि फळीमागे एक कोपर दिसतं.

"हलू नका! हात वर!"

दोन्ही हात वर करून उस्ताद बाहेर येतात. जिवंतपणी ते लपले, की तुकडीत कुणालाच सापडायचे नाहीत.

"घावलो की गं!" ते हसतात, आणि मला आनंदानं ओरडावंसं वाटतं.

"तुमची फार आठवण येते, उस्ताद."

"येऊ दे. पण दारात नगं."

शिट्टी वाजते. डोक्यावर पंखा फिरतोय, चार वाजलेत. मी ताडकन उठते, पट्टा आवळते, दारात उंबऱ्यावर दणदणीत पाय देते आणि समोर बघत बाहेर पडते. आज मी मरणार नाही.

"अगं भोईटे," शेजारच्या कॉटवरची तानवडे मागून ओरडते, "बुटाला गुलाबी रांगोळी कुठली गं? उंबऱ्यावर ठसा उमटलाय बघ!"

मी खाली बघत नाही.