चिमटीभर मीठ

फोन शेजारच्या काकूंकडे आला. कोल्हापूरहून आमचे हे बोलत होते. "शालन गेली," एवढंच म्हणाले. घरी आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे कसं सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्याला आता सात आठवडे होतील.

शालन माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हा ती दहावीत होती. बोलायला तिखट, खायला त्याहून तिखट. हातात कैरी आली की मिठाची बरणी शोधत स्वयंपाकघरात यायची. मी शाळेत शिकवते म्हणून मला मुद्दाम 'बाई' म्हणे, आणि माझं काही चुकलं की "बाई, परत तपासा" असं सुनावे. पुढे लग्न होऊन मुंबईला गेली. पहिलं बाळंतपण म्हणून आठव्या महिन्यात माहेरी आली, तेव्हा घर पुन्हा बोलायला लागलं.

नववा लागता लागता तिला उलट्या सुरू झाल्या. पोटात जागा उरली नाही की होतं असं, आई म्हणाल्या. पाणी मात्र ती तांब्यामागून तांब्या पीत होती. मग एका सकाळी तिचे डोळे पिवळे दिसले. आमच्याकडे कावीळ म्हटली की पाय आधी लांज्याजवळच्या एका गावाकडे वळतात. तिथे रविवारी उपाशीपोटी पाल्याचा रस देतात. लहानपणी माझी कावीळ त्याच रसाने उतरली, असं मी आजवर समजत आले. दवाखान्याची तारीख पुढच्या आठवड्यात होतीच. तेव्हा मीच म्हटलं, चला. भरल्या दिवसांच्या पोरीला एसटीने मीच नेऊन आणलं.

पथ्य सात दिवसांचं. तेल नाही, मीठ नाही, नुसती पेज. नियम पाळून घेणं हा तर माझा रोजचा धंदा. चौथ्या दिवशी तिने वाडगा पुढे केला आणि हळूच म्हणाली, "वयनी, चिमटीभर मीठ घाल गो. कोणाला कळणार हाय?"

मी बरणी वरच्या फडताळात ठेवून दिली. तिने वाद घातला नाही. निमूट दोन घोट घेतले आणि भिंतीकडे तोंड करून पडली. शालन वाद घालत नाही, यावरूनच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती मला आई समजून बोलायला लागली. शाळेची घंटा झाली का, विचारत होती. आम्ही दवाखान्यात धावलो. डॉक्टर म्हणाले, ही साधी कावीळ नाही. गरोदरपणात क्वचित एखादीचं यकृत असं अचानक निकामी होतं, आणि बाळंतपण लगेच करणं हाच त्यावर उपाय. बाळाचे ठोके लागत नव्हते. तिचं रक्त गोठायचं थांबलं होतं. त्यांनी तातडीने कोल्हापूरला न्यायला सांगितलं. हे गाडीत तिच्याबरोबर गेले आणि मी आईंपाशी राहिले. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तेराव्यानंतर मी त्या डॉक्टरांना जाऊन भेटले. आधी आलो असतो तर, असं विचारलं. ते टेबलाकडे बघत म्हणाले, उलट्या सुरू झाल्या तेव्हाच आला असतात तर प्रयत्न करता आले असते. मग मी मिठाचं विचारलं. माझा प्रश्नच त्यांना आधी कळला नाही. "मिठाने काहीही बिघडलं नसतं," ते म्हणाले.

घरी आले तर आई पडवीत वाट बघत बसल्या होत्या. त्यांनी दुसरं काहीच विचारलं नाही. "मीठ दिलं असतं तर चाललं असतं काय गो?"

"नाही आई," मी म्हटलं. "चाललं नसतं."

आईंना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून हे लिहायचं धाडस तरी झालं. त्यांनी तेव्हापासून स्वतःच्या पेजेत मीठ घालू दिलेलं नाही. रोज सकाळी मी वाडग्याशेजारी बरणी ठेवते. त्या ती हाताने बाजूला सारतात... आणि मी उचलून पुन्हा वरच्या फडताळात ठेवते.